बुडालेल्या शहराचा पंचनामा

मराठीत 'पंचनामा' हा एकच शब्द दोन फार वेगळ्या प्रसंगी वापरला जातो. खून पडला की घटनास्थळाचा पंचनामा होतो, आणि पूर ओसरला की पडलेल्या भिंतींचा, वाहून गेलेल्या गुरांचा व भिजलेल्या धान्याचाही पंचनामाच होतो. पहिल्या प्रसंगी कागद पोलिसाच्या हातात असतो आणि कोणावर तरी आरोप ठेवला जाईल अशी अपेक्षा त्यामागे असते. दुसऱ्या प्रसंगी तो तलाठ्याच्या हातात असतो, त्याच्या शेवटी नुकसानीचा आकडा येतो आणि आरोपीसाठी त्यात रकानाच नसतो. गुन्हेकथा पहिल्या पंचनाम्यातून जन्मते आणि आपत्तीची कथा दुसऱ्यातून. एखादे आधुनिक शहर पाण्याखाली गेल्यानंतर त्याच्यावर रहस्यकादंबऱ्या लिहिल्या जातात आणि दूरचित्रवाणी मालिका निघतात, तेव्हा हे दोन्ही पंचनामे एकाच कागदावर लिहिण्याचा प्रयत्न होत असतो. तो कोठे साधतो आणि कोठे फसतो, याचा शोध अमेरिकेतील न्यू ऑर्लिन्स या शहराच्या संदर्भात घेणे हा प्रस्तुत ग्रंथाचा विषय आहे.

हे शहर निवडण्याचे कारण केवळ आपत्तीच्या आकारात नाही. 29 ऑगस्ट 2005 रोजी कॅटरिना हे चक्रीवादळ अमेरिकेच्या दक्षिण किनाऱ्यावर आदळले आणि शहराचा सुमारे 80 टक्के भाग पाण्याखाली गेला, ही बातमी जगभर 'वादळाने शहर बुडवले' अशीच सांगितली गेली; परंतु शहर बुडाले ते प्रामुख्याने त्याच्या संरक्षणासाठी बांधलेल्या भिंती कोसळल्यामुळे. मिसिसिपी नदी आणि पाँटचारट्रेन सरोवर यांच्यामध्ये खोलगट बशीसारखे वसलेले हे शहर अनेक ठिकाणी समुद्रसपाटीच्या खाली असून, पावसाचे पाणी पंपांनी उपसून कालव्यांवाटे सरोवरात सोडले जाते. वादळाच्या फुगवट्याने सरोवराचे पाणी त्याच कालव्यांत उलटे शिरले, तेव्हा मातीच्या बांधात पोलादी पत्रे ठोकून त्यांवर उभारलेल्या काँक्रीटच्या पातळ भिंतींनी त्याला थोपवणे अपेक्षित होते. सतराव्या रस्त्याच्या कालव्यावरील भिंत पाणी तिच्या माथ्यापर्यंत पोहोचण्यापूर्वीच पायथ्याची माती सरकून ढासळली. या संरक्षक व्यवस्थेचा आराखडा अमेरिकी लष्कराच्या अभियंता दलाचा होता, आणि त्यात दोष होता हे त्या दलाने जून 2006 मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्याच विस्तृत अहवालात मान्य केले.

मराठी वाचकाला हा फरक नव्याने समजावून सांगावा लागू नये. 12 जुलै 1961 रोजी पुण्यात जे पाणी शिरले ते केवळ पावसाचे नव्हते, पानशेतचे मातीचे धरण फुटल्याचे होते, आणि पुण्यातील जुन्या पेठांची स्मृती आजही त्या दिवसाला 'पूर' म्हणताना मागे धरणाचे नाव जोडते. कॅटरिनाच्या अवघ्या एक महिना आधी, 26 जुलै 2005 रोजी, सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत 944 मिलिमीटर पावसाची नोंद झाली आणि मुंबईला मिठी नावाची एक नदी आहे हे अनेक मुंबईकरांना प्रथमच कळले. निसर्ग आणि बांधकाम यांच्यामधली ही धूसर जागा, जिथे दोष आहे पण दोषी दिसत नाही, तीच गुन्हेकथेची खरी परीक्षा घेते.

गुन्हेकथा वरवर पाहता अव्यवस्थेची कथा वाटते, परंतु तिला व्यवस्थेची जितकी गरज असते तितकी अन्य कोणत्याही कथाप्रकाराला क्वचितच असते. प्रेत ओळखता आले पाहिजे, मृत्यूची वेळ ठरवता आली पाहिजे, साक्षीदार पत्त्यावर सापडला पाहिजे, पुरावा सीलबंद राहिला पाहिजे आणि न्यायालय उघडे असले पाहिजे. एका खुनाने विस्कटलेले जग तपासाने पुन्हा बसवता येते, कारण बाकीचे जग जागच्या जागी उभे असते. न्यू ऑर्लिन्समध्ये हेच उरले नव्हते. फौजदारी न्यायालयाच्या तळघरातील मुद्देमालाची खोली पाण्याने भरली, पोलीस दलातील काही जण कामावरून नाहीसे झाले, तुरुंगातील कैदी छातीभर पाण्यात अडकून पडले आणि पुढे राज्यभरातील तुरुंगांत असे विखुरले गेले की किरकोळ गुन्ह्यात पकडलेली माणसे खटल्याविना महिनोन्‌महिने अडकून राहिली. या मुदतीला शहरात 'कॅटरिना टाइम' असे कडवट नावच पडले.

आरोपीचा प्रश्न याहून अवघड होता. अमेरिकेतील 1928 च्या पूरनियंत्रण कायद्याने पुराच्या पाण्यामुळे झालेल्या नुकसानीची जबाबदारी केंद्र शासनावर येणार नाही अशी तरतूद करून ठेवली होती, आणि तिच्याच आधारे जानेवारी 2008 मध्ये संघीय न्यायाधीशांनी अभियंता दलावर खडे ताशेरे ओढूनही त्याच्याविरुद्धचा दावा फेटाळला. म्हणजे हत्यार सापडले, ते कोणी घडवले हेही सापडले, कबुलीजबाबही मिळाला, आणि तरीही खटला उभा राहू शकला नाही. असा शेवट रहस्यकथेच्या लेखकाने लिहिला असता तर संपादकाने हस्तलिखित परत पाठवले असते.

या अडचणीला भिडणारी पहिली महत्त्वाची कादंबरी जेम्स ली बर्क यांची 'द टिन रूफ ब्लोडाउन' ही होय. 1987 पासून बर्क लिहीत असलेल्या मालिकेचा नायक डेव्ह रोबिशो हा लुइझियानातील एका पॅरिशच्या, म्हणजे तेथील जिल्ह्याच्या, शेरीफच्या कार्यालयात काम करणारा पोलीस अधिकारी आहे, आणि 2007 साली आलेल्या या कादंबरीत त्याला बुडालेल्या न्यू ऑर्लिन्समध्ये मदतीसाठी पाठवले जाते. कादंबरीचे पहिले काही अंश हे गुन्हेसाहित्यात आपत्तीचे जे चित्रण झाले आहे त्यातील सर्वांत समर्थ लेखन मानावे लागेल, कारण तेथे तपास सुरूच होत नाही. नायक फक्त पाहतो. शहराच्या गरीब, सखल भागातील एक धर्मगुरू चर्चच्या माळ्यावर अडकलेल्या माणसांना सोडवण्यासाठी छताला भोक पाडू पाहतो आणि त्याची नाव लुटून नेली जाते. त्याच चोरीच्या नावेतून लुटीला निघालेले तरुण श्रीमंत वस्तीतील ज्या घरात शिरतात ते नेमके एका गुंड टोळीप्रमुखाचे असते. समोरच्या बाजूने गोळी सुटते, एक मुलगा मरतो, दुसरा कायमचा पंगू होतो, आणि संशय शेजारी राहणाऱ्या विमा प्रतिनिधीवर येतो, ज्याच्या मुलीवर या तरुणांनी पूर्वी बलात्कार केलेला असतो.

या पात्राला बर्क यांनी विम्याच्या धंद्यात बसवले आहे, ही निवड साधी नाही. अमेरिकेत घराच्या नेहमीच्या विम्यात वाऱ्याने झालेले नुकसान भरून मिळते, पुराने झालेले मिळत नाही, आणि कॅटरिनानंतर हजारो कुटुंबांचे भवितव्य छप्पर आधी उडाले की पाणी आधी शिरले या एका प्रश्नावर अडकून पडले. म्हणजे तपास, पुरावा, घटनाक्रम यांचा खरा अखाडा विमा कंपनीच्या टेबलावर होता. बर्क तेथपर्यंत जातात, आणि मग कथाप्रकाराची ओढ त्यांना मागे खेचते: उत्तरार्धात एक विकृत, जवळजवळ सैतानी खलपुरुष अवतरतो, हिरे आणि रोकड यांचा पाठलाग सुरू होतो, आणि वाचकाला शेवटी ज्या माणसाचा पराभव पाहायला मिळतो त्याचा त्या भिंतींशी काहीही संबंध नसतो. राग सरकारवर, शिक्षा मात्र एका विकृताला, ही बर्क यांची तडजोड आहे. ती प्रामाणिक आहे, कारण राग कोठेही लपवलेला नाही, पण ती तडजोडच आहे.

सारा ग्रॅन यांच्या 'क्लेअर डेविट अँड द सिटी ऑफ द डेड' या 2011 सालच्या कादंबरीने ही तडजोड वेगळ्या रीतीने टाळली. वादळात एक सरकारी वकील बेपत्ता होतो, त्याचा शोध घेण्यासाठी आलेली गुप्तहेर क्लेअर डेविट चिनी भविष्यग्रंथ, स्वप्ने, मादक पदार्थ आणि एका काल्पनिक फ्रेंच गुप्तहेराचा तपासशास्त्रावरील दुर्बोध ग्रंथ यांच्या साहाय्याने काम करते, आणि सुरुवातीला ही सगळी विक्षिप्त सजावट वाटते. परंतु ज्या शहरात नोंदवही, साक्षीदार आणि प्रयोगशाळा हे तिन्ही बुडाले आहेत तेथे तर्कशुद्ध तपासाचा आव आणणे अधिक खोटे ठरले असते, हे ग्रॅन यांनी ओळखले आहे. जॉय कॅस्ट्रो यांच्या 'हेल ऑर हाय वॉटर' (2012) या कादंबरीत एक तरुण पत्रकार स्थलांतराच्या गोंधळात नोंदणीतून निसटलेल्या लैंगिक गुन्हेगारांचा माग काढते. कल्पना उत्तम आहे, कारण भीतीचा उगम तिने पुराच्या पाण्यात न शोधता पुराने पुसलेल्या यादीत शोधला आहे.

दूरचित्रवाणीची गोष्ट निराळी, कारण तेथे दृश्य फुकट मिळते आणि तेच घातक ठरते. सप्टेंबर 2007 मध्ये फॉक्स वाहिनीवर 'के-व्हिल' ही पोलीस तपासाची मालिका सुरू झाली. तिच्यातील एक नायक वादळात पळून गेलेल्या सहकाऱ्याच्या आठवणीने चिडलेला पोलीस आहे आणि दुसरा पुरात बुडालेल्या तुरुंगातून निसटून नव्या ओळखीने पोलीस झालेला माणूस. दोन्ही कल्पनांमध्ये एक गंभीर कादंबरी दडलेली होती. प्रत्यक्षात मात्र चिखलाने माखलेली घरे ही गाड्यांच्या पाठलागाची पार्श्वभूमी बनली, आणि पहिल्या भागातील 'गंबो पार्टी' हा शब्दप्रयोग तर शहरात थट्टेचा विषय झाला. गंबो हा तेथील घट्ट, मसालेदार रस्सा. तो घरोघरी होतो, पण त्यासाठी 'पार्टी' ठेवण्याची चाल पटकथाकाराच्या खोलीबाहेर कोणालाच ठाऊक नव्हती. पुढील काळातील 'एनसीआयएस: न्यू ऑर्लिन्स' (2014 ते 2021) या दीर्घ मालिकेने शहराचे संगीत, खाणे आणि बाल्कन्या यांचा सुखद उपयोग केला, आपत्ती तिच्यात प्रामुख्याने पात्रांच्या भूतकाळातील जखम म्हणून येते.

या दोहोंच्या मध्ये 'ट्रेमे' उभी आहे, आणि या ग्रंथाचा मोठा भाग तिला दिलेला आहे. बाल्टिमोर शहरावरील 'द वायर' या मालिकेने गुन्हेकथेचा साचा आतून उलगडून दाखवणारे डेव्हिड सायमन यांनी एरिक ओव्हरमायर यांच्यासह निर्माण केलेली ही मालिका एचबीओ वाहिनीवर 11 एप्रिल 2010 पासून डिसेंबर 2013 पर्यंत चार पर्वांत दाखवली गेली. ट्रेमे हे न्यू ऑर्लिन्समधील कृष्णवर्णीयांच्या जुन्या वस्तीचे नाव; गुलामगिरीच्या काळातही तेथे स्वतंत्र कृष्णवर्णीयांची घरे होती, आणि शवयात्रेमागून बँडसह नाचत जाण्याची, 'सेकंड लाइन' म्हणून ओळखली जाणारी प्रथा या शहरात अशाच वस्त्यांनी जपली. मालिका वादळानंतर तीन महिन्यांनी सुरू होते. वादळ दाखवण्याचा मोह टाळून केवळ नंतरचे दिवस दाखवणे, हाच तिचा मूलभूत निर्णय आहे. शीर्षकदृश्यात भिंतीवरील पाण्याच्या रेषा आणि बुरशीचे डाग येतात, आणि पूर त्या डागांपुरता उरतो.

पहिल्याच भागात एक चिडका प्राध्यापक परदेशी वार्ताहराला ठणकावतो की ही नैसर्गिक आपत्ती नव्हती, माणसाने घडवलेली होती, आणि त्याचा मायक्रोफोन पाण्यात भिरकावतो. येथे मालिकेने आरोपपत्र वाचून टाकले आहे आणि पुढे त्यावर खटला चालणार नाही हेही मान्य केले आहे. पर्वाच्या अखेरीस हाच प्राध्यापक आत्महत्या करतो. त्यानंतर जे उरते ते दुसऱ्या पंचनाम्याचे जग: ठेकेदार, अनुदानाचे अर्ज, कुलूप लावून ठेवलेली सुस्थितीतील सरकारी घरे, परत येऊ पाहणारे वादक आणि परत न येऊ शकणारे शेजारी. शहराची लोकसंख्या 2000 च्या जनगणनेत 4,84,674 होती आणि 2010 मध्ये 3,43,829. 'ट्रेमे' ही या दोन आकड्यांमधल्या माणसांची मालिका आहे.

परंतु तिच्या पहिल्या पर्वाच्या पोटात एक अस्सल रहस्यकथाही आहे. लाडोना ही मद्यालय चालवणारी स्त्री वादळात नाहीशा झालेल्या आपल्या भावाला, डेमोला, शोधते आहे. नोंदीनुसार तो तुरुंगात आहे, मात्र त्या नावाने समोर येणारा कैदी भलताच निघतो. वकील टोनी बर्नेट कागदाचा एकेक तुकडा जोडत जाते, आणि शोध संपतो तो अनोळखी प्रेते ठेवलेल्या शीतवाहनाच्या दारात. तपास तंत्रदृष्ट्या यशस्वी झालेला असतो, पण त्याच्या शेवटी खुनी नाही. आहे ती चुकीच्या नावाची मनगटपट्टी, हरवलेला कागद, आणि आपापले काम केल्याचे सांगणारी बरीच माणसे. लाडोना आईपासून ही बातमी कार्निव्हल उलटेपर्यंत लपवून ठेवते, आणि रहस्यकथेतील 'उलगडा' हा क्षण येथे जाहीर करण्याऐवजी गिळायचा क्षण होतो. कथाप्रकाराचे हे उलटणे सायमन यांच्या एकूण लेखनातील सर्वांत सूक्ष्म कृत्यांपैकी एक आहे, आणि समीक्षेने त्याकडे संगीताच्या कौतुकात पुरेसे लक्ष दिलेले नाही.

त्या कौतुकालाही दुसरी बाजू आहे. 'ट्रेमे'ला अस्सलपणाचा ध्यास होता: डॉक्टर जॉन, अॅलन टूसाँ, कर्मिट रफिन्स यांसारखे संगीतकार स्वतःच्याच भूमिकेत आले, वेंडेल पिअर्स हे शहरातच वाढलेले नट प्रमुख भूमिकेत होते, आणि स्पाइक ली यांच्या माहितीपटात स्वतःची कहाणी सांगणाऱ्या फिलिस माँटाना-लेब्लाँक यांनी त्यांच्या जोडीदारिणीचे काम केले. पहिल्या भागात एक आचारीण पर्समधून ह्युबिग्ज या स्थानिक कंपनीचा गोड पाय काढून पाहुण्यांना वाढते. कथेतील काळात त्या कारखान्याचे उत्पादन सुरू झालेलेच नव्हते, आणि ही चूक शहराने पकडण्यापूर्वीच सायमन यांनी स्थानिक वृत्तपत्रात खुले पत्र लिहून ती कबूल केली. एका पायबद्दल इतकी दक्षता हृद्य आहे. मात्र शहराला आवडेल असेच शहर दाखवण्याची सवय त्यातून लागते, आणि काही भागांत मालिका कथा विसरून केवळ मैफल ऐकवत बसते.

दूरचित्रवाणीच्या बातम्यांनी त्याच काळात निर्माण केलेल्या गुन्हेकथेचा विचार केल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. सुपरडोम या क्रीडागृहात आश्रय घेतलेल्या हजारो माणसांमध्ये खून आणि बलात्कार यांचे थैमान चालले असल्याच्या वार्ता महापौर व पोलीसप्रमुख यांच्या तोंडून जगभर गेल्या आणि काही आठवड्यांतच त्यांपैकी बहुतेक निराधार ठरल्या. उलट जे गुन्हे खरोखर घडले त्यांची वार्ता झाली नाही. 4 सप्टेंबर 2005 रोजी डँझिगर पुलावर पोलिसांनी निःशस्त्र नागरिकांवर गोळीबार करून दोघांना ठार व चौघांना जखमी केले आणि नंतर खोटी कागदपत्रे रचली; 2011 मध्ये अधिकारी दोषी ठरले, 2013 मध्ये सरकारी वकिलांच्या गैरवर्तनामुळे तो निकाल रद्द झाला, आणि 2016 मध्ये कमी शिक्षेच्या बोलीवर गुन्ह्याची कबुली दिली गेली. अल्जीयर्स पॉइंट या वस्तीतील शस्त्रधारी गोऱ्या रहिवाशांनी कृष्णवर्णीयांवर झाडलेल्या गोळ्यांची कहाणी तर पत्रकार ए. सी. थॉम्प्सन यांच्या लेखनातून डिसेंबर 2008 मध्ये देशापुढे आली. या घटनाक्रमाच्या उजेडात बर्क यांची कादंबरी पुन्हा वाचली की तिचे काळेपांढरे अवघडलेपण जाणवते: लुटारू कृष्णवर्णीय तरुण तिच्या केंद्रस्थानी आहेत, त्यांच्यावर झाडली गेलेली गोळी हाही तेथे गुन्हाच आहे, पण वर्दीतला गुन्हेगार जवळजवळ परिघावर राहतो. 'ट्रेमे'च्या नंतरच्या पर्वांत थॉम्प्सन यांच्यावर बेतलेला तरुण पत्रकार येतो आणि पोलिसांनीच मिटवलेल्या मृत्यूंचा तपास सुरू होतो. वास्तव उघडे पडल्यावरच कथेला तेथपर्यंत जाता आले, ही कालगणना या ग्रंथात वारंवार उपयोगी पडेल.

यानंतरही एक मोठा समूह सर्वच कथांच्या बाहेर राहतो. लुइझियानातील मृतांपैकी जवळजवळ निम्मे 75 वर्षांचे किंवा त्याहून अधिक वयाचे होते. ते घरात, माळ्यावर, शुश्रूषागृहांत आणि रुग्णालयांत मेले, आणि गुन्हेकथेला असे प्रेत फारसे हवेसे वाटत नाही. अपवाद एकच ठळक: मेमोरियल या रुग्णालयात पूर ओसरल्यावर 45 मृतदेह सापडले, त्यांपैकी काही रुग्णांना जाणूनबुजून प्राणघातक मात्रेत औषध दिले गेले का याचा तपास झाला, 2006 मध्ये एक डॉक्टर आणि दोन परिचारिका यांना अटक झाली आणि 2007 मध्ये ग्रँड ज्युरीने, म्हणजे खटला भरावा की नाही हे ठरवणाऱ्या नागरिकांच्या मंडळाने, डॉक्टरवर आरोप ठेवण्यास नकार दिला. शेरी फिंक यांच्या 2013 सालच्या शोधग्रंथावरून 2022 मध्ये आलेल्या आठ भागांच्या मालिकेत पहिले पाच भाग बुडत चाललेल्या रुग्णालयातील पाच दिवसांचे आहेत आणि उरलेले तपासाचे. तपास अधिकारी रिकाम्या, काळोख्या मजल्यांवरून विजेरी घेऊन फिरतात तेव्हा प्रेक्षकाला त्यांच्याहून अधिक ठाऊक असते: तेथे किती उकाडा होता, वीज कधी गेली, हेलिकॉप्टर कोणासाठी आले आणि कोणासाठी आले नाही. प्रस्तुत ग्रंथाचे पहिले प्रकरण कालक्रम मोडून याच मजल्यांवरून सुरू होते, कारण घटनास्थळाचा पंचनामा लिहायला बसलेल्या माणसाच्या पायाखाली पुराची ओल अजून वाळलेली नसते.